शैलोद्यानातील बुटकी सदाहरित झुडपे (खानदेश)

शैलोद्यान म्हणजे दगडांचा उतार रचून त्यांच्या सांदींत डोंगरमाथ्यावरच्या ठेंगण्या वनस्पती वाढवण्याची बाग. ‘रॉक गार्डन’ म्हटले की आपल्याकडे चंडीगड आठवते. पण नेक चंद यांची १९७६ मध्ये लोकांना खुली झालेली ती बाग टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या शिल्पांची. इथे विषय झाडांचा आहे.

आल्प्स-हिमालयात वृक्षरेषेच्या (जिच्यावर मोठी झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) वर डॅफ्ने, ज्युनिपर, ऱ्होडोडेंड्रॉन या झुडपांच्या बुटक्या जाती जमिनीलगत पसरतात. पाने बारीक, चिवट. वर्षाची वाढ बोटाच्या पेरांत मोजावी इतकीच. हिवाळ्यात बर्फाचे पांघरूण त्यांना कोरड्या वाऱ्यापासून जपते, उन्हाळ्यातही रात्री गार असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रात्रीही उकाडा हटत नाही. दिवसा कमावलेले अन्न झाड अशा रात्री श्वसनातच संपवते. खानदेशातले थंड हवेचे तोरणमाळ उंच खरे, पण हजार मीटरांच्या थोडेच वर. अस्सल आल्पाइन, म्हणजे वृक्षरेषेवरच्या, झुडपांचा हट्ट खानदेशात धरू नये. रीत त्यांची घ्यावी, झाडे आपल्या हवेची.

रीतीचे सारे मर्म निचऱ्यात आहे. तापीकाठची काळी भारी जमीन पावसात फुगून पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. म्हणून हातभर खोल माती काढून तळाला गोटे, वर मुरूम, भरड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत भरावे. दगड इथला काळा बेसाल्टच शोभतो. प्रत्येक दगड निदान एक तृतीयांश पुरावा आणि मागे कलता ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी मुळांकडे वळते. थंड मुलखात मोकळे ऊन देतात. इथे उतार पूर्वेला किंवा उत्तरेला असावा. वैशाखात भर दुपारी या दगडावर हात ठेववत नाही, पण तोच जरा उचलून पाहिला तर खालची बाजू गार, ओलसर, आणि तिला पांढरी मुळे बिलगलेली.

झुडपांत कुंतीची बुटकी जात आणि जेड भरवशाची. ठेंगणी काटेरी युफोर्बियाही चालते, मात्र फार ताण पडला तर पाने टाकते. इक्झोराचा मोह होतो, पण चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड (क्षारांच्या) पाण्यावर तिला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. ठिबकची तोटी खोडापासून वीतभर दूर ठेवावी, बुंध्याभोवती बोटभर खडी पसरावी. लागवड दसऱ्याच्या सुमारास करावी, म्हणजे मुळांना थंडीचे महिने मिळतात. पहिल्या उन्हाळ्यात वर शेडनेट हवेच.