बसक्या बुडाचं यान

१८ जानेवारी १९६९. सोयुझ-५ या सोव्हिएत अंतराळयानात बोरिस वोलिनोव एकटेच होते. त्यांचे दोन सहकारी दोन दिवसांपूर्वी यानाबाहेर पडून शेजारच्या सोयुझ-४ मध्ये गेले होते आणि त्यातून सुखरूप परतलेही होते. आता वोलिनोव यांची पाळी होती. वेग कमी करणारं इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं आणि विझलं. त्यानंतर यानाचा मागचा, इंजिनाचा भाग सुटून जायला हवा होता. वोलिनोव यांनी खिडकीतून पाहिलं, तर त्या भागाचे अँटेना अजून जागच्या जागी दिसत होते.

उष्णतेपासून वाचवणारी जाड ढाल नेमकी या दोन भागांच्या मध्ये असते. मागचा भाग सुटलाच नाही, म्हणून ढाल झाकलेलीच राहिली आणि यान उलटं, दाराच्या बाजूने वातावरणात शिरलं. त्या दाराला फारसं संरक्षण नव्हतं. दाराभोवतीचं रबर जळायला लागलं, केबिनमध्ये धूर भरला. मंदावणाऱ्या यानात पाठ खुर्चीत दाबली जायची, तिथे वोलिनोव पट्ट्यांवर लोंबकळत, त्या तापलेल्या दाराकडे ओढले जात होते. त्यांनी लॉगबुकातली महत्त्वाची पानं फाडून गुंडाळून ठेवली, निदान नोंदी तरी वाचाव्यात म्हणून.

अखेर त्याच उष्णतेने मागचा भाग धरून ठेवणारे सांधे तुटले. मोकळं झालेलं यान आपोआप वळलं आणि ढाल पुढे आली. खाली पाडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली असते ना, बुडाशी वजन असलेली, तसंच हे यान घडवलेलं होतं. पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या, जमिनीवर टेकताना धक्का सौम्य करणारी छोटी रॉकेटं चालली नाहीत, आपटल्यावर वोलिनोव यांचे दात तुटले. उरल भागात, उणे ३८ अंश थंडीत, ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर ते उतरले होते. ऊब मिळावी म्हणून ते चालत एका शेतकऱ्याच्या घरी पोहोचले. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, हाच माणूस पुन्हा अंतराळात गेला.

मानवी अंतराळप्रवासाचा इतिहास आपण बहुतेकदा उड्डाणांच्या तारखांनी सांगतो. मला तो परतीच्या तासाभराने सांगावासा वाटतो. वस्तू वर नेणं १९५७ मध्येच जमलं होतं. माणूस वर न्यायचा, तर त्याला परत आणता यायला हवं.

अडचण किती मोठी आहे, याचा घरगुती हिशेब करून पाहू. पृथ्वीजवळच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर असतो. या वेगाने जाणाऱ्या प्रत्येक किलोमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते. सोयुझचा माणसांसकट उतरणारा भाग तीन टनांच्या आसपास असतो. त्याची ऊर्जा स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मोजली, तर १४.२ किलोचे सव्वाशेहून अधिक भरलेले सिलिंडर होतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत ही सगळी ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. इंजिनाने टाकायची म्हटली, तर यान वर न्यायला लागलं जवळपास तेवढंच मोठं रॉकेट सोबत न्यावं लागेल. म्हणून इंजिन फक्त वेगातला दीड टक्का कमी करतं. मग कक्षा वातावरणाला टेकते आणि उरलेला ब्रेक हवा लावते.

त्या वेळी पेटल्यासारखं दिसणारं यान घर्षणाने तापतं, असं आपण शाळेत शिकलो. मुख्य कारण वेगळं आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा जोरात मारला, की पंपाचं खालचं टोक गरम लागतं. आतली हवा दाबली जाते, म्हणून ती तापते. यानासमोरच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाऊन हजारो अंशांपर्यंत तापते.

मग यानाचा आकार कसा हवा? साहजिक उत्तर टोकदार, सुईसारखा, हवा कापत जाणारा. १९५० च्या सुमारास सगळे तसाच विचार करत होते. कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत हॅरी ज्युलियन ॲलन यांनी १९५१ मध्ये नेमकं उलटं सांगितलं. पुढचा भाग बोथट ठेवा, रुंद आणि बसका. टोकदार नाकाला तापलेल्या हवेची लाट चिकटून राहते आणि उष्णता थेट अंगात उतरवते. बोथट बुडापुढे ती लाट थोडं अंतर राखून उभी राहते, आणि बहुतेक उष्णता यानात न शिरता बाजूने वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. ही कल्पना तेव्हा अण्वस्त्रांच्या क्षेपणास्त्रांसाठी होती आणि काही वर्षं गुप्त होती. माणसाला जिवंत परत आणणारी युक्ती अशा कामातून निघाली, हे मला कायम अस्वस्थ करतं.

तेव्हापासून व्होस्टोकचा गोळा, मर्क्युरी, अपोलो, सोयुझ, चीनचं शेनचौ, आजचं ड्रॅगन, सगळी बोथट बुडाची. स्पेस शटलला पंख होते, तरी तेही नाक वर धरून, पोट पुढे करूनच वातावरणात शिरायचं. एवढं करूनही थोडी उष्णता यानापर्यंत येतेच. तिच्यासाठी ढालीचा वरचा थर मुद्दाम जळू द्यायचा आणि जळताना त्याने उष्णता घेऊन जायची. अपोलोच्या ढालीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे तीन लाखांहून अधिक कप्पे होते, आणि त्यातला प्रत्येक कप्पा कामगारांनी एकेक करून हाताने भरला होता.

१२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन यांचा मागचा भागही वेळेवर सुटला नव्हता, तारांच्या जुडग्याने अडकून राहिला होता. गोल यान गरगरत राहिलं, आणि तारा जळाल्यावर मोकळं झालं. सुमारे ७ किलोमीटर उंचीवर ते खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि वेगळ्या पॅराशूटने एका शेताजवळ उतरले. ते यानासकट उतरले नव्हते, हे सोव्हिएत संघाने कित्येक वर्षं लपवलं.

जून १९७१ मध्ये सोयुझ-११ अगदी अलगद उतरलं. दार उघडलं तेव्हा आतले तिघेही गेलेले होते. १६८ किलोमीटर उंचीवर भाग सुटे होताना हवेची एक झडप उघडली होती. तिघांना दाटीवाटीने बसवायचं म्हणून कुणाच्याच अंगात दाबाचा पोशाख नव्हता. त्यानंतर सोयुझमध्ये दोघेच जाऊ लागले, पण पोशाखासह. तिघांना पोशाखासह नेणारं यान १९८० मध्ये आलं. १९८४ मध्ये राकेश शर्मा याच नव्या प्रकारच्या यानातून, तसाच पोशाख घालून गेले आणि आले.

१ फेब्रुवारी २००३ ची कोलंबिया शटलची दुर्घटना आपण विसरू शकत नाही. उड्डाणाच्या वेळी टाकीवरून निखळलेल्या फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला भोक पाडलं होतं. सोळा दिवस त्याने काही बिघडलं नाही. परतताना तापलेली हवा त्या भोकातून आत घुसली. उतरायला जेमतेम सोळा मिनिटं उरलेली असताना कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले.

भारताच्या मानवी मोहिमेची सुरुवात मी २२ जानेवारी २००७ पासून मोजतो. कक्षेत बारा दिवस फिरलेली, साडेपाचशे किलोची एक कुपी त्या दिवशी बंगालच्या उपसागरात उतरली आणि आपण ती बाहेर काढली. कक्षेत पाठवलेली वस्तू आपण पहिल्यांदाच परत आणली होती. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानची पहिली सुटका-चाचणी, म्हणजे बिघडलेल्या रॉकेटपासून यानाला दूर नेण्याची चाचणी, झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर होतो. उलटी गणती पाच सेकंदांवर थांबली, आणि काही वेळाने यान उडालं. मला मात्र नंतरचं दृश्य लक्षात राहिलं. समुद्रात उतरलेलं यान उलटं तरंगत होतं आणि नौदलाने ते ताब्यात घेतलं. आत माणूस असता, तर तोही पट्ट्यांवर लोंबकळत राहिला असता. पालथं यान सरळ करणाऱ्या फुग्यांवर एवढी मेहनत घ्यावी लागते, ती त्यामुळेच.

गगनयानला एकूण दहा पॅराशूट आहेत. त्यातले तीन मुख्य, प्रत्येकी २५ मीटर व्यासाचे, आणि तिघांपैकी दोन उघडले तरी यान सुरक्षित उतरतं. ते खरंच तसं आहे का, हे झाशीजवळच्या बबिना इथल्या लष्करी मैदानावर विमानातून यानाएवढं वजन टाकून तपासलं जातं. नोव्हेंबर २०२५ मधल्या चाचणीत दोन पॅराशूट मुद्दाम मागेपुढे उघडवले, एकाच बाजूने ओढ बसली तर दोऱ्या टिकतात का ते पाहायला. टिकल्या.