एकमेकांच्या पाया पडणे (वारकरी संप्रदाय)

दोन वारकरी भेटले की दोघांनीही वाकून एकमेकांच्या पायांना हात लावण्याचा आचार. आषाढी-कार्तिकीच्या वारीत, दिंडीत आणि हरिनाम सप्ताहात तो सर्रास दिसतो. एरवी एसटी स्टँडवर दोन माळकरी भेटले तरी चुकत नाही. वय, जात, शिक्षण, हुद्दा इथे पाहत नाहीत. सत्तरीचे आजोबा विशीतल्या टाळकऱ्याच्या पाया पडतात आणि तो त्यांच्या. दोघे एकदम वाकतात, तेव्हा डोकी आपटू नयेत म्हणून एकजण किंचित बाजूला सरकतो. पायाला लागलेला हात कपाळाला किंवा छातीला जातो, तोंडातून ‘रामकृष्णहरी’ नाहीतर ‘माउली’ निघते आणि पुष्कळदा उराउरी भेटही होते.

घरातल्या नमस्कारात धाकटा वाकतो आणि थोरला उभ्याउभ्या आशीर्वाद देतो. इथे आशीर्वाद देणारा कुणीच नसतो. या आचारामागची भूमिका ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात सापडते: ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत’. समोरच्याच्या ठायी पांडुरंग आहे म्हणून वाकायचे, आणि तो आपल्याही ठायी आहे म्हणून दुसऱ्याला वाकू द्यायचे. यातला दुसरा भाग जास्त अवघड. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला वाकायचीच सवय लावली गेली, त्याला निव्वळ नम्रतेचा उपदेश केला असता तर जखमेवर मीठ चोळल्यासारखे झाले असते. वारीत त्याच शेतमजुराच्या पायाला गावचा पाटील हात लावतो आणि त्याला पाय मागे घेता येत नाहीत. पंढरीच्या वाळवंटातील खेळ रंगवणाऱ्या अभंगात तुकारामांनी हेच दृश्य टिपले आहे: ‘वर्ण अभिमान विसरली याति । एकएकां लोटांगणीं जाती’.

सप्ताहात वीणा अखंड उभी असते; ती खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यापहाऱ्याने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ही अदलाबदल होताना देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. नामांकित कीर्तनकारही उभा राहण्याआधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग तो वीणेकरी दिवसभर रोजंदारी करून आलेला असला तरी.

वाळवंटातली ही समता महाद्वारापाशी मात्र थांबत असे. चौदाव्या शतकातील चोखामेळ्यांना महार म्हणून देवळात प्रवेश नव्हता. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा’ म्हणणारा हा संत स्वतःला हीन मानत नाही. बाहेरच्या रूपावर भुलणाऱ्याला तो उलट प्रश्न विचारतो. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी त्या वर्षी मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले. म्हणजे भक्तांमध्ये शतकानुशतके एकमेकांच्या पायांना हात लागत होता, पण त्यातल्या कित्येकांना विठोबाच्या पायाला हात लावायची मुभा नव्हती. ही विसंगती संप्रदायाच्या इतिहासातून वगळून चालत नाही.

दिंड्यांतही भेद पुरता गेला नव्हता. इरावती कर्वे यांनी स्वतः वारी चालून लिहिलेल्या लेखात जातवार वेगळ्या दिंड्या आणि वेगळ्या पंगती नोंदवल्या आहेत. वाटेत एकमेकांच्या पाया पडणारी माणसे जेवायला वेगवेगळी बसत.

अलीकडे प्रसिद्ध कीर्तनकारांभोवती पाया पडणाऱ्यांची रांग लागते. एवढ्या लोकांपुढे उलट वाकणे एका माणसाला जमणारे नाही, त्यामुळे आचार तिथे एकेरी होतो आणि घरातल्या नमस्कारासारखाच उरतो. गावच्या सप्ताहात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे तो अजून दुहेरी आहे.