ताऱ्यांची उत्क्रांती आणि अंत

ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन जसजसे संपत जाते, तसतसे त्याच्या रचनेत, तापमानात आणि तेजस्वितेत होत जाणाऱ्या बदलांना ताऱ्याची उत्क्रांती म्हणतात. सजीवांच्या उत्क्रांतीप्रमाणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा बदल नसून एकाच ताऱ्याचे ते जीवनचरित्र असते आणि त्याची दिशा मुख्यतः वस्तुमानावरून ठरते.

हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होत असेपर्यंत आतील दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो. जड ताऱ्याजवळ इंधन अधिक असते, पण तो ते कितीतरी अधिक वेगाने जाळतो. म्हणून सूर्याचा हा टप्पा सुमारे १० अब्ज वर्षांचा, तर त्याच्या वीसपट वस्तुमानाच्या ताऱ्याचा जेमतेम एक कोटी वर्षांचा असतो. पुढे सूर्यासारखा तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आणि पृथ्वीएवढा श्वेतबटू, म्हणजे त्याचा अतिदाट, तप्त गाभा, मागे उरतो. अशा श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असू शकत नाही. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांत गाभा लोहापर्यंत पोचतो. लोहाच्या संमीलनातून (अणुकेंद्रके एकत्र जुळण्यातून) ऊर्जा मिळत नसल्यामुळे तो सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो आणि न्यूट्रॉन तारा (मुख्यतः न्यूट्रॉनांचा अतिदाट गोळा) किंवा कृष्णविवर मागे राहते. बाहेरचे थर उडवून देणाऱ्या अशा स्फोटाला अतिनवतारा म्हणतात. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत दिसलेल्या अतिनवताऱ्याचे वीसेक न्यूट्रिनो (द्रव्यातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण) प्रकाशाच्या काही तास आधी पृथ्वीवर नोंदले गेले. कोसळणाऱ्या गाभ्याविषयीच्या सिद्धांताला इतका थेट पुरावा त्यापूर्वी मिळाला नव्हता.

हे चित्र एकाकी ताऱ्याचे झाले. साथीदार असेल तर वस्तुमानच बदलू शकते आणि त्याबरोबर भवितव्यही. ययाती तारकासमूहातील मायावती (अल्गॉल) हा जोडतारा याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. २.८७ दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या या जोडीत जड तारा अजून तरुणावस्थेत, तर हलका मात्र पुढच्या अवस्थेत पोचलेला दिसतो. वास्तविक जड ताऱ्याने आधी वृद्ध व्हायला हवे. आजचा हलका तारा पूर्वी जड होता आणि फुगल्यावर त्याचा वायू शेजाऱ्याकडे ओढला गेला, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. साथीदाराचे द्रव्य श्वेतबटूवर साठल्यास नवताऱ्याचे, म्हणजे त्याचे तेज काही काळ अचानक वाढवणारे, स्फोट होतात; काही परिस्थितींत कार्बनचे संमीलन भडकून संपूर्ण श्वेतबटूच नष्ट होतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींतून (अवकाशातून पसरणाऱ्या सूक्ष्म कंपनांतून) टिपलेल्या टकरीत दोन न्यूट्रॉन तारे एकत्र आले आणि जड मूलद्रव्ये अशा घटनांत घडतात याची साक्ष मिळाली.

तारकागुच्छातील तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात. त्यामुळे कोणत्या वस्तुमानापर्यंतच्या ताऱ्यांनी हायड्रोजनचा टप्पा ओलांडला आहे, यावरून गुच्छाचे वय काढता येते : कृत्तिकांचे सुमारे दहा कोटी वर्षे, तर अनेक गोलाकार गुच्छांचे (जुन्या ताऱ्यांच्या दाट, चेंडूसारख्या समूहांचे) ११ ते १३ अब्ज वर्षे. या हिशेबात न बसणारे, वयाच्या मानाने फार तेजस्वी व निळे तारे खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांना १९५३ मध्ये मेसिए ३ या गुच्छात आढळले. दाट गुच्छात झालेल्या टकरींतून किंवा साथीदाराकडून द्रव्य मिळून त्यांचे वस्तुमान वाढले असावे. एनजीसी १८८ या जुन्या गुच्छातील अशा अनेक ताऱ्यांना साथीदार आहेत. त्यांतील काहींच्या शेजारी तप्त श्वेतबटू सापडले असून, आपले द्रव्य शेजाऱ्याला देऊन संपलेल्या ताऱ्यांचे ते उघडे पडलेले गाभे आहेत.