आमदार निधी वेगळा, २५१५ वेगळं

मंदिरासमोर सभामंडप उभा राहिला आणि त्यावर आमदारसाहेबांचा फोटो लागला, की पारावर ठरून जातं: ‘आमदारानं आपल्या निधीतून देल्ला.’ बरेचदा तो त्यांच्या निधीतला नसतोच.

आमदार निधी सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाला ५ कोटी, आमदाराचं शिफारसपत्र, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, कागद जिल्हा नियोजन कार्यालयात. खासदार निधीही ५ कोटींचाच, पण तो केंद्राचा.

घोळ होतो तो २५१५ चा. हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेले सिमेंट रस्ते, नाल्या, सभामंडप यातून होतात. सुचवतो आमदारच, म्हणून गल्लत. पण मंजुरी मंत्रालयातून, शासन निर्णयानं येते आणि आमदारामागे ५ कोटींसारखा ठरलेला कोटा नसतो. वजन असेल तसं मिळतं. २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा आधी मंजूर झालेल्या कामांवर स्थगिती आली, ती याच जातीच्या कामांवर.

माहिती अधिकारात फसगत होते ती इथंच. जिल्हा नियोजन कार्यालयाला अर्ज जातो: ‘आमच्या गावात आमदार निधीतून झालेल्या कामांची यादी द्या.’ महिन्याभरानं उत्तर येतं, ‘निरंक’. लगेच बोंब, की कागद दाबले! दाबले कोणी नाहीत. ज्या खिशाबद्दल विचारलं, त्यातून खरंच काही गेलं नव्हतं. कलम ६(३) खाली अर्ज दुसरीकडे वर्ग का केला नाही, हे भांडणही टिकत नाही, कारण प्रश्नातच ‘आमदार निधी’ लिहिलेलं.

म्हणून आधी लेखाशीर्ष शोधा. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ग्रामविकास विभागाचे शासन निर्णय असतात. सोबतच्या यादीत तालुका, गाव, कामाचं नाव आणि रक्कम सापडते. मग अर्ज काम करणाऱ्या यंत्रणेला: बहुधा जिल्हा परिषदेचा बांधकाम उपविभाग, कधी सार्वजनिक बांधकाम, कधी ग्रामपंचायतच. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी (झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका) आणि अंतिम देयक मागा. एमबी सोडू नका. नाली किती मीटर मोजली ते तिथंच कळतं, टेप घेऊन ताडून पाहता येतं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि फ्लेक्सवरचं ते ‘निधी खेचून आणला’! २५१५ बद्दल म्हणा एकवेळ. आमदार निधीचे ५ कोटी कोणी खेचत नाही, ते विरोधी बाकावरच्यालाही मिळतात. कामाच्या फलकावर लेखाशीर्ष, मान्यतेचा क्रमांक-दिनांक, रक्कम आणि कंत्राटदार हवा. ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’ एवढंच लिहिलेलं असेल, तर खिसा कोणता ते फलकावरून कळत नाही, उपविभागातच विचारा.