हवायो टकाटा आणि आपल्यापर्यंत पोहोचलेली रेकी : ग्राहकांसाठी सुधारित माहितीपत्रक

आमच्या उपचारखोलीत तीन तसबिरी लावलेल्या आहेत. त्यांपैकी रेकी, म्हणजे अंगावर हात ठेवून करायची जपानी उपचारपद्धती, सुरू करणारे मिकाओ उसुई आणि त्यांचे शिष्य चुजिरो हयाशी ही नावे रेकीसाठी येणाऱ्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असतात. तिसऱ्या तसबिरीतील वयस्कर बाई कोण, हे मात्र हमखास विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी, आणि आमच्याच जुन्या माहितीपत्रकातील एक चूक दुरुस्त करण्यासाठी, हे पत्रक काढले आहे.

त्या बाई म्हणजे हवायो टकाटा. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १९०० रोजी हवाई बेटांपैकी काउआई बेटावरील हनामाउलू येथे झाला. आईवडील जपानहून उसाच्या मळ्यात मजुरीसाठी आलेले, आणि हवाई त्याच वर्षी अमेरिकेचा अधिकृत प्रदेश झालेला, म्हणून मुलीचे नाव त्या भूमीवरून ठेवले गेले. १९१७ मध्ये मळ्यावरील हिशेबनीस साइची टकाटा यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९३० मध्ये, पदरी दोन लहान मुली असताना, त्यांना वैधव्य आले. कष्ट आणि काळजी यांनी पुढच्या पाच वर्षांत त्यांची प्रकृती पार ढासळली. १९३५ मध्ये, बहिणीच्या निधनाची वार्ता जपानला गेलेल्या आईवडिलांना सांगण्यासाठी त्या तिकडे गेल्या, तेव्हा त्या स्वतःही टोकियोतील एका रुग्णालयात दाखल झाल्या.

पुढची हकीकत त्या स्वतः सांगत असत. शस्त्रक्रियेची तयारी झाली असताना ती टाळावी असे त्यांना तीव्रतेने वाटले, दुसरा मार्ग आहे का असे त्यांनी विचारले, आणि त्यांना हयाशी यांच्या उपचारकेंद्रात नेण्यात आले. हयाशी हे जपानी नौदलातील निवृत्त अधिकारी. उसुई यांच्याकडून १९२५ मध्ये ही पद्धत शिकून त्यांनी तिला शिस्तशीर दवाखान्याचे रूप दिले होते, आणि तेथे एका रुग्णावर दोन उपचारक एकाच वेळी हात ठेवत. त्या हातांची ऊब टकाटाबाईंना इतकी जाणवली, की आत एखादे विजेचे यंत्र दडवले असावे अशा संशयाने त्यांनी उपचारकाच्या किमोनोची रुंद बाही धरून तपासून पाहिली. बाहीत काहीच नव्हते. आमच्या केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्या व्यक्तीही कधी कधी आमच्या तळहातांकडे अशाच साशंक नजरेने पाहतात, म्हणून हा प्रसंग आम्हाला विशेष जवळचा वाटतो.

काही महिन्यांच्या उपचारांनंतर प्रकृती सुधारल्यावर त्यांनी हयाशी यांच्याकडेच राहून शिक्षण घेतले आणि १९३७ मध्ये त्या हवाईला परतल्या. त्यांच्यामागोमाग हयाशीही आपल्या मुलीसह हवाईत आले, आणि परत जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, त्यांनी टकाटाबाईंना रेकी मास्टर, म्हणजे इतरांना रेकी शिकवू शकणारी व्यक्ती, म्हणून मान्यता देणारे प्रमाणपत्र होनोलुलू येथे रीतसर नोटरी करून दिले. गुरूने शिष्याला दिलेली विद्या नोटरीपुढे नोंदवली जावी, याचे आपल्याकडच्या वाचकांना थोडे नवल वाटेल. परंतु परक्या कायद्याच्या देशात हातांनी उपचार करू पाहणाऱ्या जपानी वंशाच्या विधवेला त्या कागदाचा आधार नक्कीच वाटला असेल. त्यानंतर हिलो येथे त्यांनी स्वतःचे केंद्र चालवले.

आता चुकीविषयी. उसुई हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाशी संबंधित होते आणि शिकागो विद्यापीठात शिकले होते, असे आमच्या जुन्या पत्रकात छापले होते. ही माहिती टकाटाबाईंच्या तोंडून जगभर पसरली. परंतु या दोन्ही विद्यापीठांत उसुई यांची नोंद सापडत नाही. टोकियोतील साइहोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांच्या शिष्यांनी १९२७ मध्ये उभारलेल्या स्मृतिशिलेवरही त्याचा उल्लेख नाही. उसुई यांनी कुरामा पर्वतावर केलेले २१ दिवसांचे उपोषण आणि १९२३ च्या भूकंपात केलेली लोकसेवा या गोष्टींना मात्र त्या शिलालेखाचा आधार आहे. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतरच्या अमेरिकेत जपानी विद्येला श्रोते मिळावेत म्हणून टकाटाबाईंनी कथेला ख्रिस्ती पेहराव चढवला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आम्हालाही ते पटते. तरीही तपासून न पाहता छापले, हा दोष आमचाच.

त्यांची शिकवण्याची रीत मौखिक होती. शिष्यांना टिपणे काढू दिली जात नसत, रेकीत वापरली जाणारी चिन्हे पाहून मनात साठवावी लागत. साहजिकच त्यांच्या पश्चात शिष्यांनी आपापली चिन्हे पडताळली, तेव्हा त्यांत फरक आढळले. म्हणून एखाद्या दुसऱ्या केंद्रात चिन्ह थोडे वेगळे काढलेले दिसले, तर त्यावरून ते केंद्र खोटे ठरत नाही. मास्टरपदासाठी त्या १०,००० डॉलर घेत आणि फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, असे त्याचे कारण सांगत. हे कारण आम्हाला अर्धेच पटते, कारण त्याच आधारावर पुढे अनेकांनी अवाच्या सवा शुल्क आकारले. ११ डिसेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी २२ मास्टर तयार केले होते, आणि जपानबाहेर आज शिकवल्या जाणाऱ्या रेकीचा फार मोठा भाग याच २२ जणांच्या परंपरेतून आलेला आहे. आमची परंपराही तीच.

प्रत्यक्ष उपचारात आपण अंगावरील कपड्यांसह आडवे व्हायचे असते. डोके, छाती, पोट आणि पाठ या भागांवर क्रमाने, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे, हात हलकेच ठेवले जातात. जेथे स्पर्श नको असेल तेथे तसे आधी सांगावे, हात थोडे वर धरले जातील. बहुतेकांना ऊब जाणवते, अनेकांना झोप लागते, काहींना काहीच जाणवत नाही. रेकीत जिला ऊर्जा म्हणतात, ती कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही, आणि रेकीने एखादा आजार बरा होतो याला भक्कम वैज्ञानिक पुरावा नाही. टकाटाबाईंची वर दिलेली हकीकत हा त्यांचा अनुभव आहे, आपल्यासाठी वैद्यकीय सल्ला नव्हे. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा अन्य कोणतीही औषधे आमच्या सांगण्यावरून बंद करू नयेत, आणि डॉक्टरांनी सुचवलेली तपासणी किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. आमच्याकडील कोणी तसे सुचवल्यास कृपया लगेच संचालकांच्या कानावर घालावे.

जुन्या पत्रकाची प्रत घरी असल्यास पुढच्या वेळी सोबत आणावी. ती ठेवून घेऊन त्याऐवजी ही नवी प्रत दिली जाईल.