चुंबकाला प्रकाशाची टिचकी

एक आरसा १५ मायक्रॉन मागे सरकवला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, तर त्याच्यावर आदळून परत येणाऱ्या प्रकाशाला ३० मायक्रॉनचा जास्तीचा प्रवास करावा लागतो. एवढ्या प्रवासाला प्रकाशाला १०० फेम्टोसेकंद लागतात. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाचा हा दहावा हिस्सा. प्रकाशाची तीव्रता मोजणारं नेहमीचं उपकरण इतक्या झटपट बदलाची नोंद घेऊच शकत नाही. आरसा मात्र हवा तितका अलगद सरकवता येतो. मोजायचा असतो काळ, मोजलं जातं अंतर.

चुंबकांच्या आणि अर्धवाहकांच्या (सेमीकंडक्टरच्या) आतल्या घडामोडी गेली काही दशकं याच युक्तीने टिपल्या जात आहेत. लेझरच्या एकाच स्पंदाचे दोन भाग करायचे, एक जोरदार आणि एक अगदी हलका. जोरदार भाग नमुन्याला टिचकी मारतो. हलका भाग आरशाच्या वाटेने थोडा रेंगाळून येतो आणि टिचकीनंतर काय झालं ते पाहतो. प्रयोगशाळेत या दोघांना ‘पंप’ आणि ‘प्रोब’ म्हणतात. एका मोजणीतून फक्त एकाच क्षणाची माहिती मिळते, म्हणून आरसा थोडाथोडा सरकवत तोच प्रयोग लाखो वेळा करायचा आणि मिळालेले क्षण ओळीने लावायचे. मग चलच्चित्र तयार होतं. यात एक अट दडलेली आहे: दोन टिचक्यांच्या मधल्या वेळात नमुना पूर्ववत व्हायला हवा. जो पदार्थ टिचकीनंतर मूळ स्थितीत येतच नाही, त्याचं चित्रण फार जिकिरीचं होतं.

पण चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही, मग ते प्रकाशाला कसं दिसतं? याचं उत्तर मायकेल फॅरडेला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १३ सप्टेंबर १८४५ रोजी मिळालं. त्याने शिशाचं प्रमाण भरपूर असलेली जड काच चुंबकाच्या ध्रुवांपाशी ठेवली आणि तिच्यातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला. ध्रुवीकृत म्हणजे ज्याची कंपनं एकाच प्रतलात होतात असा. चुंबक चालू केला की ते प्रतल किंचित फिरायचं, बंद केला की पूर्ववत व्हायचं. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा एकमेकांशी संबंध आहे, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. तो मिळाला तेव्हा प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हा योग मला आजही विलक्षण वाटतो.

साखरेच्या पाण्यातूनही ध्रुवीकरणाचं प्रतल फिरतं, पण तो प्रकाश आरशावरून परत त्याच पाण्यातून पाठवला तर झालेला फेर पुसला जातो. चुंबकामुळे आलेला फेर परतीच्या वाटेवर पुसला जात नाही, दुप्पट होतो. चुंबकीय फेर ओळखण्याची ही पक्की खूण. लेझरमध्ये परत शिरू पाहणारा प्रकाश अडवणारी उपकरणंही याच गुणावर चालतात.

फॅरडेची काच पारदर्शक होती, पण लोखंड किंवा निकेल तर तसं नसतं. १८७७ मध्ये जॉन कर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की विद्युतचुंबकाच्या घासून चकचकीत केलेल्या ध्रुवावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचंही ध्रुवीकरण फिरतं. हा फेर जेमतेम अंशाच्या काही दशांशांएवढा, पुष्कळदा त्याहूनही कमी. आज अंशाच्या हजाराव्या भागाएवढा फेरही सहज मोजतात. २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर, ज्याहून पातळ थर त्या पदार्थाचा असूच शकत नाही, ४५ केल्विनच्या (उणे २२८ अंश सेल्सिअसच्या) खाली चुंबक असतो हे याच ‘कर परिणामा’ने सिद्ध झालं. एवढ्याशा पदार्थाचं चुंबकत्व नेहमीच्या मापकांच्या हाती लागणं जवळपास अशक्य होतं. परावर्तित प्रकाशाला ते दिसलं.

हे झालं पाहणं. आता टिचकी.

१९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका गटाने निकेलच्या पातळ पापुद्र्यावर ६० फेम्टोसेकंदांचा लेझर स्पंद सोडला आणि कर परिणामाने चुंबकत्वावर नजर ठेवली. तोपर्यंतचा समज साधा होता. प्रकाश आधी इलेक्ट्रॉनांना तापवणार, ते अणूंच्या जालकाला, म्हणजे त्यांच्या ओळीने रचलेल्या मांडणीला, तापवणार आणि मग सावकाश, दहा-वीस ते शंभर पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे एक हजार फेम्टोसेकंद), चुंबकत्व उतरणार. प्रत्यक्षात एक पिकोसेकंदही उलटायच्या आत चुंबकत्व जवळपास निम्म्यावर आलं. आधी लोकांना मोजणीचीच शंका आली. कदाचित चुंबकत्व उतरलंच नसेल, तापलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे निकेलचे प्रकाशीय गुणच तेवढे बदलले असतील. त्यानंतर क्ष-किरणांसकट वेगवेगळ्या मार्गांनी पडताळणी झाली आणि निष्कर्ष कायम राहिला.

मग खरा पेच समोर आला. चुंबकत्व म्हणजे मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या स्पिनची एकजूट. प्रत्येक स्पिनला थोडासा कोनीय संवेग असतो, फिरणाऱ्या भोवऱ्याला असतो तसा. कोनीय संवेग नाहीसा होऊ शकत नाही, तो फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातो. १९१५ मध्ये आइनस्टाइन आणि डी हास यांनी हे हाती धरता येईल असं दाखवलं होतं. टांगलेल्या लोखंडी दांडीचं चुंबकत्व बदललं की दांडी स्वतःच पीळ घेते. मग निकेलमधली एकजूट पिकोसेकंदाच्या आत मोडली, तेव्हा तिचा कोनीय संवेग गेला कुठे? फोटॉनांनी, म्हणजे प्रकाशाच्या कणांनी, तो नेला असेल, असं म्हणावं तर हिशेब जमत नव्हता. शोषल्या गेलेल्या फोटॉनांची संख्या त्यासाठी फारच तोकडी पडत होती.

या प्रश्नाने शास्त्रज्ञांना वीसहून अधिक वर्षं छळलं. सिद्धांत पुष्कळ मांडले गेले. कुणी म्हणालं, स्पिन एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून जातात. कुणी म्हणालं, जालक ते गिळतं. २०१९ मध्ये लोखंडाच्या पापुद्र्यावर लेझर मारून त्यापाठोपाठ क्ष-किरण लेझरचे स्पंद सोडले, तेव्हा पापुद्र्यात आडवी विरूपणाची लाट उठलेली दिसली. आइनस्टाइन आणि डी हास यांच्या दांडीचा पीळच तो, पण पिकोसेकंदाच्या आत घडलेला. हिशेब असा निघाला की गमावलेल्या कोनीय संवेगाचा सुमारे ८० टक्के भाग जालकाकडे गेला होता. २०२२ मध्ये निकेलवर इलेक्ट्रॉन विवर्तनाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून अणूंच्या हालचाली पाहण्याचा, प्रयोग झाला. त्यात तर अणू आपल्या जागेभोवती चिमुकली वर्तुळं घेत असल्याच्या खुणा सापडल्या. स्पिनचा भोवरा थांबला आणि त्याचं फिरणं अणूंनी उचललं. या सगळ्या क्षेत्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

अर्धवाहकात प्रकाश जास्त नेमकेपणाने वागतो. धातूत इलेक्ट्रॉनांना जवळजवळ कोणत्याही ऊर्जेचा फोटॉन चालतो, अर्धवाहकात मात्र इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जेचा पट्टा आणि त्याच्या वरचा रिकामा पट्टा यांच्यामध्ये ऊर्जेची दरी असते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ती साधारण तापमानाला १.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणून सुमारे ८७० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा प्रकाश त्यातून जवळजवळ न शोषता पार जातो. दरी ओलांडण्यापुरती ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन वर जातो. तो प्रकाश वर्तुळाकार ध्रुवीकृत असेल, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत असेल, तर प्रत्येक फोटॉन आपला कोनीय संवेगही सोबत आणतो आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा त्याने ठरते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये दर चार इलेक्ट्रॉनांमागे तिघांचा स्पिन एका दिशेला आणि एकाचा विरुद्ध दिशेला येतो. प्रकाशाची फिरण्याची दिशा उलटी केली की हे प्रमाणही उलटं होतं. म्हणजे चुंबक जवळ न आणता, नुसत्या प्रकाशाने स्पिनची एकजूट तयार झाली. आणि हेच इलेक्ट्रॉन खाली येताना पुन्हा वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश देतात, त्यामुळे त्यांच्या स्पिनचं काय झालं हे तो प्रकाशच सांगतो.

वायूतल्या अणूंना प्रकाशाने असं एका दिशेला वळवण्याची कल्पना आल्फ्रेड कास्टलेर यांची, त्यांना १९६६ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. घन पदार्थात, सिलिकॉनमध्ये, ते १९६८ मध्ये करून दाखवलं गेलं. खरं तर सिलिकॉन या कामाला फारसा सोयीचा नाही. त्यातल्या इलेक्ट्रॉनाला दरी ओलांडताना जालकाच्या कंपनाचीही मदत लागते, त्यामुळे प्रकाशाशी त्याचं थेट जमत नाही. म्हणून या विषयाचा बराचसा इतिहास गॅलियम आर्सेनाइडने लिहिला. १९९८ मध्ये किकावा आणि ऑशालोम यांनी अतिथंड गॅलियम आर्सेनाइडमध्ये स्पिनची एकजूट १०० नॅनोसेकंदांहून जास्त टिकते हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी विद्युतक्षेत्राने ती १०० मायक्रॉनहून अधिक अंतर ओढून नेली. २००४ मध्ये अर्धवाहकातून नुसता विद्युतप्रवाह सोडल्यावर एका कडेला एका दिशेचे आणि समोरच्या कडेला विरुद्ध दिशेचे स्पिन गोळा होतात, हेही कर परिणामाच्या सूक्ष्मदर्शकाने दिसलं. डायकोनोव्ह आणि पेरेल यांनी हे भाकीत १९७१ मध्येच केलं होतं. पाहायला नजर मिळायला ३३ वर्षं गेली.

काही पदार्थ दोन्ही घरचे असतात, अर्धवाहकही आणि चुंबकही. त्यांचं चुंबकत्व आतल्या होलच्या संख्येवर अवलंबून असतं. होल म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहिलेली रिकामी जागा. प्रकाश होल तयार करतो, तेव्हा तो चुंबकत्वही तयार करू शकेल का? १९९७ मध्ये मँगनीजमिश्रित इंडियम आर्सेनाइडच्या पातळ थरात, ३५ केल्विनच्या खाली, हे खरोखर घडलं. प्रकाश टाकला तसा थर चुंबक झाला आणि प्रकाश बंद केल्यावरही चुंबकच राहिला. एवढं कमी तापमान रोजच्या उपयोगाचं नाही, पण कल्पना सिद्ध झाली.

आणि चुंबक उलटवायचा असेल तर? २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या गटाने गॅडोलिनियम, लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूवर ४० फेम्टोसेकंदांचे वर्तुळाकार ध्रुवीकृत स्पंद सोडले आणि बाहेरचं कोणतंही चुंबकीय क्षेत्र न वापरता चुंबकत्वाची दिशा पालटली. डाव्या वळणाच्या प्रकाशाने एक दिशा, उजव्या वळणाच्या प्रकाशाने दुसरी. अर्थ उघड वाटला: प्रकाशाचं वळणच चुंबकाला ढकलतंय. तो अर्थ चुकला होता. २०१२ मध्ये दिसलं की वळण नसलेला प्रकाशसुद्धा हेच करतो, नुसती अचानक दिलेली उष्णता पुरते. वळणामुळे फक्त प्रकाश थोडा कमीजास्त शोषला जातो. उष्णता सगळं विस्कटते, दिशा ठरवत नाही, अशी आपली पक्की समजूत असते. इथे उष्णतेनेच दिशा पालटली.

कारण या मिश्रधातूत दोन गट आहेत. लोखंडाचे स्पिन एका दिशेला आणि गॅडोलिनियमचे विरुद्ध दिशेला. धक्का एकच असला तरी लोखंडाचं चुंबकत्व सुमारे ३०० फेम्टोसेकंदांत शून्यावर येतं आणि गॅडोलिनियमला दीड पिकोसेकंद लागतो. मधल्या वेळात गॅडोलिनियमच्या उरल्यासुरल्या चुंबकत्वाचा कोनीय संवेग लोखंडाकडे जातो आणि लोखंड शून्य ओलांडून पलीकडे जातं. काही क्षण दोघंही एकाच दिशेला असतात, जे त्यांच्या स्वभावाविरुद्ध आहे. मग गॅडोलिनियमही पलटतं. एक मंद आणि एक चपळ अशी जोडी नसती, तर हे घडलंच नसतं.

संगणकाच्या साठवणीत लेझर आला आहे, पण तो अजून तरी बराचसा शेगडीचं काम करतो. नव्या हार्ड डिस्कमध्ये लोखंड आणि प्लॅटिनमचा ठिपका क्षणभर तापवला जातो, म्हणजे त्याची दिशा सहज बदलते, पण ती बदलण्याचं काम करतं ते डिस्कवर लिहिणारं चुंबकीय शीर्षच. अडचण आकाराची आहे. साध्या भिंगाने प्रकाश त्याच्या तरंगलांबीपेक्षा फार बारीक जागी गोळा करता येत नाही, काहीशे नॅनोमीटरच्या ठिपक्यावरच अडतो, आणि साठवणीचा ठिपका त्याच्या दशांशाएवढा असतो. म्हणून तिथे सोन्यासारख्या धातूच्या बारीक टोकापाशी प्रकाश दाटवावा लागतो.

उष्णतेवाचून टिचकी मारता येईल का, हा प्रश्न फॅरडेच्या प्रयोगाच्या उलट बाजूकडे नेतो. चुंबकत्व प्रकाशाला फिरवतं, तर वर्तुळाकार प्रकाश पदार्थात चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करू शकतो. हा व्यस्त परिणाम १९६५ मध्ये प्रयोगात दिसला होता. २००५ मध्ये २०० फेम्टोसेकंदांचा एक स्पंद डिस्प्रोशियम ऑर्थोफेराइटच्या पारदर्शक स्फटिकातून गेला आणि स्पिन डोलू लागले. प्रकाशाचं वळण उलटं केलं, तेव्हा डोलणंही उलट्या बाजूने सुरू झालं. २०१७ मध्ये कोबाल्टमिश्रित गार्नेट या चुंबकीय स्फटिकावर त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. तिथे वळण लागलंच नाही, साध्या रेषीय ध्रुवीकृत प्रकाशाचा एकच स्पंद पुरला. त्याच्या कंपनाची दिशा ९० अंशांनी बदलली की लिहिलेला ठिपका उलटा लिहिला जायचा. हा गार्नेट त्या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक आहे, फारच थोडा प्रकाश त्यात शोषला जातो, आणि ठिपका लिहायला साधारण २० पिकोसेकंद लागतात. आरसा ३ मिलिमीटर सरकवला की तेवढा उशीर होतो.