इन्क्लूड आणि लेआउट: अनेक पानांची मांडणी नेमकी कुठे लिहिलेली असते?

संकेतस्थळाची पाने वाढू लागली की प्रत्येक पानात तोच मेनू, तीच शीर्षपट्टी आणि तीच तळपट्टी चिकटवत बसणे परवडत नाही, कारण मेनूत एक नवा दुवा घालायचा झाला तरी सगळ्या फाइली उघडाव्या लागतात आणि त्यांतली एखादी हमखास सुटते. यावर दोन साधने सर्रास वापरली जातात: एक इन्क्लूड, म्हणजे पानात दुसरी फाइल आणून बसवणे, आणि दुसरे लेआउट, म्हणजे पानांचा सांगाडाच एका फाइलीत ठेवणे. ‘एका जागी बदला, सगळीकडे बदलेल’ हे आश्वासन दोघांकडूनही मिळते, दोघांच्या फाइली बहुधा टेम्प्लेट नावाच्या एकाच फोल्डरात असतात, आणि दोन्ही वापरून तयार झालेले पान ब्राउझरमध्ये अगदी सारखे दिसते. त्यामुळे ही एकाच कामाची दोन नावे आहेत, असा समज सहज होतो. तो समज संकेतस्थळ लहान असेपर्यंत निभावून जातो आणि मांडणी बदलण्याची वेळ आली की महागात पडतो. इन्क्लूडमुळे पानांना तुकडे सामायिक मिळतात, पण ते तुकडे कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या आत बसायचे, म्हणजेच मांडणी, ती सामायिक होत नाही. ती होते लेआउटमुळे.

इन्क्लूडची पद्धत जुनी आहे. एनसीएसए या संस्थेच्या नव्वदच्या दशकातील वेब सर्व्हरवर सर्व्हर-साइड इन्क्लूड, म्हणजे पान पाठवण्याआधी सर्व्हरनेच त्यात फाइल जोडणे, होतेच, आणि अपाचे सर्व्हर आजही ते एका मॉड्यूलद्वारे पुरवतो. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा शिकणाऱ्यांची तर पहिली सोयच इन्क्लूड ही असते. कल्पना सरळ आहे: पान स्वतः मालक असते, ते वरून खाली लिहिलेले असते, आणि ठरावीक जागी ‘इथे अमुक फाइल आणून ठेव’ अशी सूचना देते. असे एखादे पान उघडून पाहिले तर त्यात आधी शीर्षपट्टी मागवणारी ओळ दिसते, मग बाजूची पट्टी मागवणारी, मग मुख्य मजकुराचा उघडणारा टॅग, मजकूर, बंद होणारा टॅग, आणि शेवटी तळपट्टी मागवणारी ओळ. पाच ओळींपुरतेच पुनरुक्त काम उरले, असे यावरून वाटते. पण त्या पाच ओळींचा क्रम हीच तर मांडणी आहे आणि ती चाळीस पानांत चाळीस वेळा लिहिलेली आहे.

बाजूची पट्टी मजकुराच्या आधी न येता नंतर यावी, असे ठरले तर काय होते ते पाहावे. पट्टीच्या फाइलीत काहीही बदलून उपयोग नाही, कारण ती फाइल स्वतः कुठे बसते हे तिला ठाऊकच नसते. बदल प्रत्येक पानात करावा लागतो. शोधा-आणि-बदला वापरून तो होईल असे वाटते, पण एव्हाना काही पानांत पट्टी मागवणारी ओळ मुख्य मजकुराच्या टॅगच्या आत गेलेली असते, काहींत दोन ओळींमध्ये कोणीतरी सूचनापट्टी घुसवलेली असते, आणि एका पानावर पट्टीच नसते. पाने सुरुवातीला सारखीच असतात. एकाच जागेवरून ती बांधलेली नसल्यामुळे हळूहळू वेगळी होत जातात.

ही अडचण ओळखून अनेक जण एक युक्ती करतात. मुख्य चौकटीचा उघडणारा टॅग शीर्षपट्टीच्या फाइलीत टाकतात आणि तो बंद करणारा टॅग तळपट्टीच्या फाइलीत. म्हणजे पानात दोनच ओळी उरतात आणि मधे फक्त मजकूर राहतो. वर्डप्रेसच्या जुन्या धाटणीच्या थीम्स बहुतांशी अशाच बांधलेल्या आहेत. ही युक्ती चालते आणि तिच्यावर असंख्य संकेतस्थळे उभी आहेत, पण तिच्यामुळे मांडणी दोन फाइलींत अर्धी-अर्धी तुटते आणि त्यांपैकी एकही फाइल स्वतंत्रपणे वाचून समजत नाही. शीर्षपट्टीच्या फाइलीत न बंद झालेले तीन डिव्ह (चौकट आखणारे टॅग), तळपट्टीच्या फाइलीत न उघडलेले तीन, आणि कोणता कोणाचा हे कोड लिहिण्याच्या एडिटरलाही सांगता येत नाही. त्यात एखाद्या पानाच्या मजकुरात बंद करणारा एक डिव्ह जास्तीचा पडला की बाहेरची चौकट तिथेच मिटते, तळपट्टी चौकटीबाहेर जाऊन पडद्याच्या पूर्ण रुंदीभर पसरते, आणि हे फक्त त्या एका पानावर घडते. ब्राउझर तक्रार करत नाही, कारण चुकलेले एचटीएमएल कसे सावरायचे हे प्रमाणातच ठरवून दिलेले आहे. त्यामुळे सगळे ब्राउझर तेच चुकलेले पान एकमताने दाखवतात. असा जास्तीचा टॅग लेआउट वापरणाऱ्या संकेतस्थळावरही पडू शकतो, हे मान्य करायला हवे. फरक इतकाच की तिथे सांगाडा एका फाइलीत सबंध दिसत असतो, आणि बाकीची पाने नीट असतील तर दोष त्या पानाच्या मजकुरातच आहे हे लगेच कळते.

लेआउटमध्ये मालकी उलटी होते. सबंध पानाचा सांगाडा, पहिल्या टॅगपासून शेवटच्या टॅगपर्यंत, एका फाइलीत असतो आणि त्यात मोकळ्या जागा नाव देऊन सोडलेल्या असतात: शीर्षकाची, मुख्य मजकुराची, गरज असल्यास बाजूच्या पट्टीची. पान स्वतः सांगाडा लिहीत नाही. ‘मी अमुक लेआउटवर आधारलेले आहे’ असे सांगून ते फक्त त्या जागा भरते. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये हे एक्स्टेंड्स (लेआउट सांगणारा) आणि ब्लॉक (मोकळी जागा) या टॅगांनी होते, लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या ब्लेड टेम्प्लेटांत एक्स्टेंड्स, सेक्शन आणि यील्ड या शब्दांनी. जेकिल या स्थिर पाने तयार करणाऱ्या साधनात पानाच्या माथ्यावरील माहितीत लेआउटचे नाव लिहिले की पुरते. जेकिलची एक गोष्ट मला विशेष आवडते: त्यात लेआउट आणि इन्क्लूड यांची फोल्डरेच वेगळी ठेवलेली आहेत, त्यामुळे नवशिक्याला पहिल्याच दिवशी दोहोंतला भेद डोळ्यांनी दिसतो. ही विभागणी नवी नाही. ड्रीमवीव्हर हे पाने बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरलेल्यांना आठवत असेल की त्यातही टेम्प्लेट आणि लायब्ररी आयटम अशा दोन निराळ्या सोयी होत्या. टेम्प्लेटमध्ये संपादनास खुले असलेले भाग आखून दिलेले असत आणि उरलेला सांगाडा पानातून बदलता येत नसे. लायब्ररी आयटम मात्र कोणत्याही पानात कुठेही टाकता येणारा तुकडा असे.

आता बाजूच्या पट्टीची तीच मागणी लेआउटवर आली तर एका फाइलीतील दोन ओळींची अदलाबदल केली की काम संपते. जे पान वेगळे हवे ते वेगळे का आहे हेही त्याच पानात नोंदलेले असते, कारण त्याने पट्टीची जागा मुद्दाम रिकामी भरलेली असते. इन्क्लूडच्या पद्धतीत एखाद्या पानावर पट्टी नसेल तर ती वगळली आहे की राहून गेली आहे, हे सांगणारे काहीच नसते.

इथे एक आक्षेप येतो की क्रमच बदलायचा तर तो सीएसएसमधून, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या नियमांतून, बदलता येतो. ग्रिड ही त्यातली मांडणीची सोय वापरून बाजूची पट्टी डावीकडून उजवीकडे नेता येते, हे खरे आहे, आणि दिसण्यापुरता तो उपाय पुरतोही. पण एचटीएमएलमधला क्रम त्याने बदलत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) तसेच टॅबची कळ त्या मूळ क्रमानेच चालतात. वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, 2008 साली दुसऱ्या आवृत्तीत आली, आणि तेव्हापासून त्यांत एक निकष आहे: अनेक पानांवर पुन्हा पुन्हा येणारे दुवे दर वेळी त्याच सापेक्ष क्रमाने आले पाहिजेत. पडदा न पाहता संकेतस्थळ वापरणाऱ्याला मेनू कुठे संपतो आणि मजकूर कुठे सुरू होतो याचा अंदाज या क्रमावरूनच बांधता येतो. म्हणून मांडणीतला सारखेपणा ही केवळ नीटनेटकेपणाची बाब मानू नये.

माहिती कोणत्या दिशेने वाहते, यातही दोन्ही साधने वेगळी आहेत. पानाचे शीर्षक शीर्षपट्टीच्या फाइलीत छापले जाते, पण ते काय आहे हे पानाला माहीत असते. इन्क्लूडच्या पद्धतीत पानाने फाइल मागवण्याआधी शीर्षकाचे चल (व्हेरिएबल) भरावे लागते. ती ओळ राहिली किंवा मागवण्याच्या ओळीखाली गेली की शीर्षक रिकामे छापले जाते. मेनूतला चालू पानाचा दुवा ठळक करण्याचेही तसेच. लेआउटमध्ये शीर्षकाच्या जागेत एक ठरलेला मजकूर आधीच लिहून ठेवता येतो. पानाने काही सांगितले तर ते वापरले जाते, नाहीतर ठरलेले राहते.

लेआउटचे स्वतःचे खाचखळगे आहेत, आणि ते इन्क्लूडच्या चुकांपेक्षा जास्त मुके असतात. पीएचपीला इन्क्लूड करायची फाइल सापडली नाही तर निदान इशारा मिळतो, आणि त्याऐवजी रिक्वायर वापरले असेल तर पान थांबतेच. अपाचेचे सर्व्हर-साइड इन्क्लूडही चूक झाल्याचे वाक्य पानातच छापते. जँगोमध्ये मात्र ब्लॉकच्या नावात एक अक्षर चुकले, म्हणजे लेआउटमध्ये नसलेले नाव पानात लिहिले गेले, तर तो मजकूर निमूटपणे गायब होतो. कोणत्याही ब्लॉकच्या बाहेर लिहिलेला मजकूरही तसाच नाहीसा होतो. ट्विग या पीएचपीच्या टेम्प्लेट साधनात ब्लॉकबाहेरच्या मजकुराला चूक म्हणून अडवले जाते, आणि मला तोच मार्ग अधिक योग्य वाटतो.

दोन साधनांची गल्लत सर्वांत स्पष्टपणे उघडी पडते ती दोन्ही एकत्र वापरताना. लेआउट लांबले म्हणून कोणीतरी बाजूची पट्टी वेगळ्या फाइलीत काढतो आणि लेआउटमध्ये ती इन्क्लूड करतो. पट्टीत एक ब्लॉकही असतो, जेणेकरून पानांना तो आपापल्या मजकुराने भरता यावा. जँगोमध्ये हे चालत नाही: इन्क्लूड केलेली फाइल आपल्या ब्लॉकांसह आधीच पूर्ण भरून येते आणि नंतर लेआउटमध्ये बसते, त्यामुळे पानाला तो ब्लॉक दिसतच नाही. चूक कुठेच दाखवली जात नाही, फक्त प्रत्येक पानावर पट्टीचा ठरलेला मजकूर येत राहतो. उपाय असा की मोकळी जागा लेआउटमध्येच ठेवावी आणि तिच्या आत ठरलेला मजकूर म्हणून पट्टीची फाइल इन्क्लूड करावी.

मग इन्क्लूड टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. यादीतल्या प्रत्येक नोंदीचे कार्ड, लेखाखालील लेखक-परिचय, संपर्काचा अर्ज, पाने उलटण्याचे दुवे, अशा पानाच्या मधे कुठेही आणि कितीही वेळा येऊ शकणाऱ्या गोष्टींसाठी तेच साधन योग्य आहे. लेआउट एका पानाला एकच असते, तुकडे हवे तितके असू शकतात. चांगल्या तुकड्याची एक खूण सांगता येते: त्याला लागणारी माहिती त्याला थेट हाती दिलेली असते आणि आजूबाजूच्या चलांवर तो गुपचूप अवलंबून नसतो. जँगोच्या इन्क्लूडमध्ये ‘ओन्ली’ हा शब्द जोडला की दिलेल्या चलांपलीकडचे काहीच तुकड्याला दिसत नाही, आणि ही शिस्त पाळण्यासारखी आहे.

एकच लेआउट सगळ्या पानांवर लादण्याचा अट्टहासही नसावा. मुखपृष्ठ असेल तर हे, लेख असेल तर ते, अशा अटी लेआउटमध्ये साचू लागल्या की एका फाइलीत तीन मांडण्या दडल्या आहेत असे समजावे. तेव्हा मूळ सांगाडा वेगळा ठेवून त्यावर आधारलेली दोन-तीन लेआउट करावीत आणि पानांनी त्यांतले आपापले निवडावे. मात्र या पायऱ्या तीनच्या पुढे गेल्या की एखादा टॅग कुठून आला हे शोधण्यात वेळ जाऊ लागतो, म्हणून मी तिथेच थांबणे पसंत करतो. वर्डप्रेसही आता या दिशेने सरकले आहे: जानेवारी 2022 मधील 5.9 आवृत्तीपासून नव्या धाटणीच्या ब्लॉक थीम्समध्ये टेम्प्लेट आणि टेम्प्लेट पार्ट हे दोन प्रकार वेगळे आहेत, क्रम टेम्प्लेटमध्ये राहतो आणि शीर्षपट्टी-तळपट्टी हे त्याचे भाग असतात.

दुव्यांबाबतची एक सावधगिरी दोघांनाही सारखीच लागू आहे. सामायिक फाइलीतले मेनूचे दुवे सापेक्ष लिहिले तर ते पानाच्या पत्त्यावरून मोजले जातात, आणि एका फोल्डरच्या आत असलेल्या पानावर ते सगळे तुटतात. असे दुवे मुळापासून, म्हणजे तिरक्या रेघेने सुरू करून लिहावेत.

इन्क्लूडवर उभे असलेले संकेतस्थळ लेआउटवर आणायचे असेल तर सगळी पाने एकदम हलवू नयेत. आधी सध्याच्या प्रत्येक पानाचे ब्राउझरला मिळणारे अंतिम एचटीएमएल जतन करावे. मग एका साध्या पानावरून लेआउट बनवावे, ते पान त्यावर आणावे आणि नव्या एचटीएमएलची जतन केलेल्याशी ओळीने ओळ तुलना करावी. स्पेस आणि कोऱ्या ओळी यांपलीकडे काही फरक नसेल तर पुढचे पान घ्यावे. जिथे फरक दिसेल तिथे ते पान पूर्वीपासूनच इतरांहून वेगळे झालेले असते, आणि तो वेगळेपणा हवा आहे की नको याचा निर्णय त्याच वेळी घेऊन, हवा असल्यास त्याला लेआउटमध्ये नाव असलेली जागा द्यावी.